न हलणारा आकडा

“मबोक, सारिंग बोललं,” अरिंबावा अंगणाच्या पायरीवरूनच म्हणाला, आणि रस्मिनीच्या हातातलं तबक किंचित कललं. फार नाही, झेंडूच्या दोन पाकळ्या घरंगळून ओल्या दगडावर पडतील इतकंच. तिने मागे वळून पाहिलं नाही. कुलदेवतेच्या उंच चौथऱ्यावर चनांग, म्हणजे फुलांनी भरलेली पानाची चिमुकली टोपली ठेवायची, उदबत्तीचा धूर तळहाताने देवाकडे लोटायचा, पाणी शिंपडायचं. मग विहीर, मग चूल, मग फाटक. आणि हे सगळं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हे तिचं रोजचं व्रत. अरिंबावाला ते ठाऊक होतं. एरवी तो कामावर येताना स्कूटरसुद्धा गल्लीच्या तोंडाशी बंद करायचा आणि ढकलत आणायचा, धाकट्या भावाने मोठ्या बहिणीची झोप सांभाळावी तसा; तिला तो मबोक, म्हणजे ताई, म्हणायचा ते उगीच नव्हे. आज तो चपला न काढता आत आला होता, हातातला फोन पुढे धरून. सारिंग बोललं. या दोन शब्दांचा अर्थ लागायला तिला एक पुरा श्वास लागला, कारण हे दोन शब्द एकापुढे एक तिने कधी ऐकलेच नव्हते. न बोलण्यासाठीच तर तिने सारिंग घडवलं होतं.

सारिंग म्हणजे गाळणी. डोंगराच्या दक्षिण उतारावर ज्वालामुखीची नाडी पाहणारी चौकी आहे, तिच्यासाठी तिने ते लिहिलं त्याला बरीच वर्षं झाली. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर माणूस त्याचं नाव टाइप करतो, पुढे फाइलचं नाव, आणि एंटर दाबतो. वरच्या यंत्राकडून आलेल्या आकड्यांतून सारिंग ट्रकची धडधड, वारा, गाईगुरांची पावलं गाळून टाकतं आणि उरलेले आकडे पुढच्या प्रोग्रामच्या हाती देतं. तो त्यांची रेघ काढतो. सगळं नीट झालं तर सारिंग काहीच म्हणत नाही. झालं म्हणत नाही, शाब्बास म्हणत नाही. कर्सर खालच्या ओळीवर येऊन लुकलुकत उभा राहतो. चौकीवर नवीन आलेली माणसं गोंधळून तिला फोन करायची, “बाई, चाललं की नाही?” आणि ती हळू आवाजात म्हणायची, “काही म्हणालं का? नाही ना? मग चाललं.” तिला स्वतःला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. रोज सकाळी ती टोपली ठेवायची, हात जोडायची आणि वळायची. देवाने पोहोचल्याची पावती कधी दिली नव्हती, आणि ती मागावी असंही तिच्या मनात आलं नव्हतं.

अरिंबावाने फोनचा आवाज मोठा केला. पलीकडे गुस्ती सुवेचा होता, चौकीवरचा सगळ्यात जुना माणूस, रस्मिनीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. तो तिला मानाने देसाक म्हणायचा, ती त्याला ब्ली, म्हणजे दादा. “देसाक, ऐकताय ना? या वेळी तुमचं मौन असतं, माहीत आहे मला. पण इथे पडद्यावर एक ओळ आली आहे. मला आधी वाटलं, पोरांपैकी कुणीतरी टवाळी केली. वाचून दाखवतो. ‘वरच्या यंत्राचा आकडा अर्धा तास हललेला नाही. यंत्र पाहा.’ बस, एवढंच. मी खुर्चीतून उठलोच हो. इतकी वर्षं हे मुकं जनावर माझ्या शेजारी बसलंय, आणि आज एकदम माणसासारखं बोललं.” त्याच्या मागे कुठेतरी दूरवर गर्दीचा आवाज होता, झांजांचा, बायकांच्या हसण्याचा. “आता माझी पंचाईत ऐका. डोंगर गप्प आहे. रेघ सरळ आहे. इतकी सुंदर सरळ रेघ मी जन्मात पाहिली नाही. आणि खालच्या फाटकापाशी मिरवणूक जमली आहे, वरच्या देवळाची पूजा आज. वर जायची वाट त्या यंत्राच्या शेजारूनच जाते. त्यांना थांबवू की सोडू? हो की नाही एवढंच हवंय. बोलू नका. थांबवायचं असेल तर फोनवर बोटाने एक टिचकी मारा, मी समजेन.”

त्या मिरवणुकीत रस्मिनीची आई होती. पहाटे गावच्या बायकांबरोबर ट्रकच्या हौद्यात बसून गेली होती, डोक्यावर फळांचा उंच मनोरा घेऊन उतारावर चालता यावं म्हणून महिनाभर रोज गुडघ्याला तेल चोळत होती. रस्मिनीच्या मनात ती आधी आली आणि मग बाकी सगळं, आणि म्हणूनच तिचा स्वतःवरचा विश्वास डळमळला. आपण आईसाठी थांबवतोय का? ते वाक्य तिने लिहिलं होतं खरं, पण खऱ्याखुऱ्या डोंगराच्या आकड्यांवर सारिंगने ते कधी उच्चारलं नव्हतं. लिहिलं तेव्हा खोटे आकडे बनवून, सारिंगला मुद्दाम फसवून तिने ते एकदा वदवून घेतलं होतं आणि मग विसरून गेली होती. आज ते चुकलं असेल तर? पुजाऱ्याने काढलेला मुहूर्त टळेल, शेकडो माणसं उन्हात खोळंबतील, आणि याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी सारिंग बोलेल तेव्हा सुवेचा खुर्चीतून उठणार नाही. इशारा एकदा खोटा ठरला की तो फक्त त्या दिवसापुरता खोटा ठरत नाही. टिचकी मारायला तिने बोट उचललं. अरिंबावाने फोन आणखी पुढे केला. पण एका टिचकीचं काय, ती चुकूनही लागते, नखही आपटतं. आणि पलीकडचा माणूस उभ्या मिरवणुकीला सामोरा जाताना त्याच्या हातात काय असणार, एक टक्? तिने स्वतःचाच आवाज ऐकला. सकाळचा पहिला आवाज, घोगरा, जरासा परका. “थांबवा, ब्ली गुस्ती. ते खरं बोलतंय.”

एवढं सहज मोडलं. व्रताला तडा जाताना काहीतरी वाजेल, आत कुठेतरी कळ उठेल असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. काहीच झालं नाही. कुंपणावरचा कोंबडा मान वाकडी करून बघत होता, उदबत्तीचा धूर आपल्या वाटेने वर चालला होता. तिने उरलेली चनांग तशीच विहिरीवर, चुलीवर, फाटकापाशी ठेवली, पण आता ती मौनात नव्हती आणि बोलतही नव्हती, या दोहोंच्या मधल्या कुठल्याशा जागेत होती आणि त्या जागेचं नाव तिला ठाऊक नव्हतं. रस्त्यावरच्या खोलीत, जिथे त्यांचं कामाचं ठिकाण होतं, अरिंबावा लॅपटॉप उघडून नुसता बसला होता. सुवेचाने दोन माणसं मोटारसायकलवरून वर पाठवली होती, बरोबर जादा यंत्र देऊन. ती पोहोचेपर्यंत वाट बघण्याशिवाय काही करता येणार नव्हतं.

“आज दुपारी नवीन आवृत्ती सोडायची ठरली होती,” अरिंबावा पडद्याकडे बघत म्हणाला. त्या नव्या आवृत्तीवर त्याने बराच काळ घालवला होता. त्याचं सारिंग बोलकं होतं. सुप्रभात म्हणायचं, फाइल उघडली म्हणायचं, इतके आकडे वाचले, इतके गाळले, झालं, आणि शेवटी हिरवी बरोबरची खूण. लोकांनीच मागितलं होतं ते. रस्मिनीने नको म्हटलं नव्हतं; ती सहसा नको म्हणत नसे, नुसती गप्प राहायची आणि समोरच्याला त्यातून काय ते समजायचं. आज ती म्हणाली, “अरिम, तुझ्या त्या सगळ्या ओळींच्या मधोमध ही ओळ आली असती, तर ब्ली गुस्ती उठला असता का रे?”

“लाल रंगात दाखवली असती.”

“रोज हिरवं बघणारा डोळा लालही तसाच बघतो. सुराबाया शहरात मी नोकरी करत होते तिथे रोज रात्री फाइलींच्या जादा प्रती काढून ठेवणारा एक प्रोग्राम होता. भारी बडबड्या. दर वेळी चार इशारे द्यायचा, हे जुनं झालं, ते पुढे बदलणार आहे, अमुक वाचा. सगळे खरे हं, एकही खोटा नाही. पण त्यातला एकही आत्ता उठून करण्याजोगा नसायचा. शेवटी कुणीतरी कंटाळून त्याला गप्प बसायचा स्विच लावून टाकला. मग ज्या दिवशी डिस्क भरली त्या दिवशीही तो गप्पच. ओरडत असेल बिचारा, तोंड बांधलेलं.” “आपल्या वस्तीच्या मनोऱ्यावर ते पोकळ लाकूड टांगलंय ना, कुलकुल? ‘आज सगळं ठीक आहे’ असं सांगायला ते कुणी बडवतं का?”

“नाही. पण सभेला बोलवायला बडवतात, लग्नाला बडवतात,” अरिंबावा लगेच म्हणाला. “म्हणून तर कळतं की त्याला वाळवी लागलेली नाही. मबोक, रागावू नकोस, पण तुझं मौन आणि मेलेल्याचं मौन खुर्चीत बसलेल्या माणसाला सारखंच दिसतं. अर्धा तास. तो अर्धा तास ब्ली गुस्ती चहा पीत त्या सरळ रेघेकडे कौतुकाने बघत होता. तुझं सारिंगही गप्प होतं. दोघंही खूश.”

ती रागावली नाही. तिला तो अर्धा तास दिसायला लागला. तिनेच तो निवडला होता. फार वर्षांपूर्वी, चौकीच्या पत्र्याच्या खोलीत, दुपारची, सुवेचाने आणलेले उकडलेले शेंगदाणे सोलत ती पडद्यावर न गाळलेले आकडे बघत बसली होती. डोंगर त्या दिवशी गाढ झोपला होता. तिला वाटलं होतं की झोपलेल्या डोंगराचे आकडे सारखे येतील, एकाखाली एक तेच ते. पण आकडे थांबतच नव्हते. शेवटची घरं सारखी हलत होती, किंचित वर, किंचित खाली, एकसारखी थरथर. “काय चाललंय खाली?” तिने घाबरून विचारलं होतं. सुवेचा हसला होता, “काही नाही चाललेलं. हेच ते काही नाही.” समुद्र किनाऱ्यावर आपटतो त्याचा धक्का, झाडांची मुळं वाऱ्याने ओढली जातात ती, कुठे कुणी चालतं ते, सगळं त्या जमिनीत सदोदित येत होतं. ती कितीतरी वेळ शेंगदाणे हातात तसेच धरून बसून राहिली होती. तिला लहानपणापासून शिकवलं होतं की मौन म्हणजे तळ्याचं निवांत पाणी, एकही तरंग नाही. आणि इथे जगातली सगळ्यात मोठी गप्प वस्तू तिच्यासमोर बसून अखंड, न दिसेलसं, कापत होती. त्याच दुपारी तिने ते वाक्य लिहिलं. आकडा मोठा झाला तर ओरडणारे प्रोग्राम पुष्कळ होते. तिचं सारिंग आकडा हलेनासा झाला तर बोलणार होतं. पण किती वेळ वाट बघून? दोन आकडे सारखे येणं हा योगायोग. दहा मिनिटं म्हटली तर तारेवर पाखरू बसलं तरी सारिंग बोलेल आणि मग त्याचंही तोंड कुणीतरी बांधेल. तिने अर्धा तास लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. त्या अर्ध्या तासात कोण कुठे चालत असेल, याचा विचार तिने केला नव्हता असं नाही. केला होता, पण तेव्हा ती माणसं बिनचेहऱ्याची होती, आणि आज त्यांतल्या एकीच्या गुडघ्याला तेलाचा वास होता.

“तू म्हणतोस ते खरं आहे,” ती म्हणाली. “म्हणजे निम्मं. खुर्चीत माणूस असेल तर त्याला एक गोष्ट कळायला हवी: शेवटचा जिवंत आकडा कधी आला. तुझ्या सगळ्या ओळींत ती एकच नव्हती बघ.”

“सुप्रभात होतं की,” अरिंबावा म्हणाला, आणि दोघंही नको त्या वेळी हसली. मग तो हसू आवरत म्हणाला, “पण पुढच्या प्रोग्रामच्या आकड्यांत ती ओळ घुसली तर रेघेचा विचका होईल.”

“दोन वाटा आहेत ना त्याला. एका वाटेने आकडे, दुसरीने बोलणं. आणि समोर माणूस बसलाय की नुसता दुसरा प्रोग्राम कान लावून आहे, हे सारिंगला कळतं. संगणकाला विचारून घेतं ते.” हे तिने कित्येकदा शिकवलं होतं, तरी आज उच्चारताना तिच्या अंगावर काटा आला. डोळे नाहीत, कान नाहीत, तरी आपल्या पलीकडे कुणी आहे की नाही हे बोलण्याआधी विचारून घेणारी वस्तू. रोज चौथऱ्यासमोर उभं राहून तिने कधी इतकं तरी विचारलं होतं का?

फोन वाजला तेव्हा ऊन अंगणभर पसरलं होतं. सुवेचाचा आवाज दबलेला होता, जसा देवळाच्या आत माणसाचा आपोआप दबतो. “देसाक. पोरं वळणापर्यंत पोहोचली. यंत्र बंद पडलेलं नाही.”

म्हणजे खोटं. म्हणजे इतकी माणसं, तो मुहूर्त.

“यंत्र नाहीच तिथे,” सुवेचा म्हणाला. “यंत्राची जागाच नाही. कडा आहे नुसता. वळणाच्या पुढे सगळं खाली गेलंय, खांब, कुंपण, चिंचेचं ते झाड, वाट. पायऱ्यासुद्धा. पोरं म्हणतात, अजून माती घसरतेय, इतकी हळू की आवाजही येत नाही. इथे आकडे झेलणारी पेटी आहे ना आपली, ती शेवटचा ऐकलेला आकडाच पुन्हा पुन्हा सांगत बसली होती. आणि मी त्याला सुंदर रेघ म्हणत होतो.” “देसाक, जे उरलंच नाही ते मला अर्धा तास सांगत होतं, सगळं शांत आहे.”

अरिंबावाने हात तोंडावर धरला होता. रस्मिनीला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते काही निराळंच होतं. एक थंड, स्वच्छ भीती, आणि तिच्या आत कृतज्ञतेसारखं काही, पण कुणाविषयी ते कळेना. तिने काही फार थोर लिहिलं नव्हतं. एक छोटी अट लिहिली होती, आकडा हलला नाही तर. आणि एक टेकडीभर जमीन जगातून गेली तेव्हा इतक्या सगळ्या देवळांत, मनोऱ्यांत, माणसांत ती गेल्याचं कळलं फक्त त्या अटीला. तिला वाटलं, आपण ते लिहिलं नाही, आपल्या हातून ते लिहून घेतलं गेलं. आणि लगेच वाटलं, असं म्हणणंही गर्वच. “फाटकापाशी सांगितलंत?” तिने विचारलं.

“आत्ता जातोय. थांबवलं म्हणून अर्ध्यांचं माझ्यावर तोंडसुख घेऊन झालंय. तुमच्या मातोश्री तर पहिल्या रांगेत. त्यांना फोन देऊ का? त्यांनीच मागितला आहे मघापासून.”

मग खडखडाट, झांजांचा आवाज जवळ आला, आणि आई. “अगं, तू सांगितलंस म्हणे यांना? डोक्यावर फळं घेऊन उभं केलंय आम्हाला. पुजारी गप्प, पोलीस गप्प, हा तुझा गुस्ती तर काही विचारलं की आकाशाकडे बघतो. काय झालंय ते नीट सांग. मी काही लहान नाही.”

आईला किती सांगायचं, कधी, कुठल्या शब्दात. आईच्या मागे शेकडो माणसं होती आणि फोनवरचं प्रत्येक वाक्य तोंडातोंडी मागे जाणार होतं. तिला सुचतील ती सगळी वाक्यं मोठी होती. तिने त्यांतलं एकेक काढून टाकलं, घाबरू नका काढलं, काळजी करू नका काढलं, देवाची कृपा काढलं, आणि उरलं तेवढंच ती म्हणाली.

“आई, वर जायची वाट नाही राहिली. फाटकाच्या पुढे कुणी पाऊल टाकू नका.”

पलीकडे झांजा वाजत होत्या. मग त्या एकेक करून थांबल्या. फोनमध्ये आईचा श्वास होता, वाऱ्याची सळसळ, कुठेतरी एक मूल कुरकुरत होतं. मग तिचा आवाज आला, पण रस्मिनीसाठी नव्हे, मागे वळून दिलेला, उंच, स्वच्छ: “खाली ठेवा गं सगळं. इथेच मांडा, रस्त्यावर. डोंगराकडे तोंड करून बसा.” आणि रस्मिनीला ऐकू आलं, एकामागून एक, मग सगळ्यांचं एकदम, वेताच्या थाळ्या मातीवर टेकल्याचं, वस्त्रं सावरून शेकडो माणसं बसल्याचं. मंत्र अजून सुरू झाला नव्हता. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला. अरिंबावा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने त्याला हाताने खूण केली, बस म्हणून, आणि तीही खोलीच्या गार फरशीवर बसली.